निवडलं, पण शिकवलं का?



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. म्हणून आजचा विषय शाळेच्या आतलाच घेतला आहे. हुशार मुलं निवडून त्यांच्यासाठी आपण खास वर्ग काढतो, खास शाळा काढतो, शिष्यवृत्त्या देतो, प्रज्ञाशोध परीक्षा घेतो. या सगळ्याने त्या मुलांची शैक्षणिक प्रगती खरोखर वाढते का? वाढत असेल तर कोणाची वाढते? आणि नेमकी कशामुळे वाढते?

तीन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं आपल्याला आधीच माहीत आहेत असं आपण धरून चालतो. हुशार मूल खास वर्गात गेलं, म्हणजे ते पुढे जाणारच. यात विचारायचं काय? गुणवत्ता यादी लागते, मुलांचे फोटो छापून येतात, चौकात फ्लेक्स लागतात, शाळेचा ऊर भरून येतो. त्या आनंदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण यादी लागणं हा निवडीचा निकाल झाला. शिकवण्याचा निकाल अजून लागायचा असतो. आणि तो निकाल बघायला आपण सहसा थांबत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचा तासभर ते तपासायला तुम्ही मोकळे. निवड म्हणजे शिक्षण नव्हे. मुलाला हुशार ठरवल्याने त्याची प्रगती वाढत नाही. त्याला झेपेल तेवढं अवघड आणि त्याच्या वेगाने शिकवल्याने वाढते. आणि ही वाढ सर्वांत मोठी कोणाची होते? ज्याला असं आव्हान घरातून, शिकवणीतून, शेजारातून मिळण्याची शक्यता नसते त्याची.

आता पहिला मुद्दा: परिणाम मोजायचा कसा?

समजा, एका शाळेने गावातली सर्वांत उंच मुलं निवडून एक वर्ग भरवला आणि वर्षअखेरीस जाहीर केलं, की बघा, आमच्या वर्गातल्या मुलांची सरासरी उंची गावात सर्वांत जास्त! आपण हसू. पण हुशारीच्या बाबतीत हेच विधान आपण गंभीरपणे ऐकतो, त्यावर विश्वास ठेवतो आणि त्यावर फी भरतो. खास शाळेतल्या मुलांना जास्त गुण मिळतात, हे खरंच आहे. पण ती मुलं साध्या शाळेत राहिली असती, तर त्यांना किती मिळाले असते? हा प्रश्न विचारल्याशिवाय शाळेचा वाटा किती, ते कळायचं नाही.

या विषयातलं सर्वांत गाजलेलं काम घ्या. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात लुइस टर्मन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९२१ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातली अतिशय बुद्धिमान अशी सुमारे १,५०० मुलं शोधली आणि त्यांच्या आयुष्याचा माग घ्यायला सुरुवात केली. मुलं म्हातारी झाली, टर्मन गेले, तरी तो अभ्यास चालू राहिला. त्यातली अनेक मुलं पुढे प्राध्यापक, वकील, संशोधक झाली. लोक म्हणाले, चाचणी किती अचूक!

पण ही मुलं शोधली कशी होती? आधी शिक्षकांना विचारलं: तुमच्या वर्गातली हुशार मुलं कोणती? त्यांनी जी नावं दिली, मुख्यतः त्यांचीच चाचणी झाली. म्हणजे शिक्षकाच्या नजरेत जे मूल भरलं नाही, ते चाचणीपर्यंत पोचणंच अवघड होतं. आणि जी पोचली, त्यांच्यातही काय झालं? विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ या दोन मुलांची चाचणी झाली होती. दोघंही निकषात बसले नाहीत; बाहेर राहिले. शॉकली यांना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्या दीड हजारांपैकी एकालाही नोबेल मिळालं नाही.

ही गोष्ट मी चाचण्यांना नावं ठेवायला सांगत नाही. चाचणीतून बरंच कळतं. पण चाचणीत वर येणं वेगळं आणि त्या मुलासाठी आपण काही केल्यामुळे ते पुढे जाणं वेगळं. निवडीचं श्रेय आणि शिकवण्याचं श्रेय यांची गल्लत होते ती इथे. शंभर वर्षं झाली, ती गल्लत अजून चालू आहे.

मग खरा परिणाम मोजायचा कसा? गेल्या काही दशकांत अर्थशास्त्रज्ञांनी एक सरळ वाट वापरली. कोणत्याही निवडीला एक रेषा असते. रेषेच्या वर एका गुणाने आत आलेलं मूल असतं आणि रेषेच्या खाली एका गुणाने बाहेर राहिलेलं मूल असतं. या दोघांत असा काय फरक आहे? एका गुणाचा! एखादं उदाहरण चुकलं, त्या दिवशी डोकं दुखत होतं, एवढाच. दोघं जवळजवळ सारखीच. पण एक खास शाळेत जातं, दुसरं आपल्या जुन्या शाळेत राहतं. चार वर्षांनी दोघांना शेजारी उभं करा. फरक दिसला, तर त्याचं श्रेय शाळेला द्या. दिसला नाही, तर?

हा माझा दुसरा मुद्दा: रेषेच्या दोन्ही बाजूंना काय दिसलं?

बोस्टन शहरात बोस्टन लॅटिन स्कूल नावाची शाळा आहे. १६३५ सालची, अमेरिकेतली सर्वांत जुनी सरकारी शाळा. प्रवेशासाठी परीक्षा द्यावी लागते. न्यू यॉर्कमध्ये स्टायव्हसंट, ब्रॉन्क्स सायन्स, ब्रुकलिन टेक या अशाच शाळा आहेत. तिथे प्रवेश मिळावा म्हणून मुलं वर्ष-वर्ष तयारी करतात. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या तीन अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि न्यू यॉर्कमधल्या अशा सहा शाळांच्या रेषेवरची मुलं तपासली. त्यांचा लेख २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना काय आढळलं? जेमतेम आत आलेल्या मुलाभोवतीची मुलं एकदम बदलतात, जास्त गुणांची होतात. पण त्या मुलाच्या स्वतःच्या परीक्षेतल्या गुणांत फारसा फरक पडत नाही. पुढे चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळण्यातही नाही.

त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या एका मोठ्या शहरी जिल्ह्यात पाचवीत मुलांची चाचणी होई आणि सहावीपासून प्रज्ञावान मुलांचा कार्यक्रम सुरू होई. सातवीत गेल्यावर रेषेवरच्या मुलांची तुलना केली. गुणांत वाढ नाही. उलट एक वेगळीच गोष्ट दिसली: खास वर्गात गेलेल्या मुलांचा वर्गातला क्रमांक घसरला आणि शिक्षकांनी दिलेल्या श्रेणीही खाली आल्या. पालकांनो, हे नीट ऐका. कालपर्यंत वर्गात पहिलं येणारं मूल आज विसावं येतं. ते कमी शिकलेलं नसतं. आजूबाजूची मुलं बदललेली असतात. पण अकरा-बारा वर्षांच्या मुलाला हे कोण समजावणार? त्याला वाटतं, आपण आता हुशार राहिलो नाही.

देशभराच्या आकड्यांवरून केलेला अभ्यासही आहे. रेडिंग आणि ग्रिसम यांनी तो २०२१ मध्ये मांडला. बालवाडीपासून पाचवीपर्यंतच्या मुलांचा माग त्यात होता. मुलं गुणांप्रमाणे एका ओळीत उभी केली आणि ओळीचे १०० भाग केले, तर प्रज्ञावान कार्यक्रमात गेलेलं मूल वाचनात ७८व्या जागेवरून ८०व्या जागेवर आलं, गणितात ७६वरून ७७वर. एवढंच. आणि गरीब घरातल्या व कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला हा एवढासा फायदाही आला नाही.

मग हे सगळं बंद करायचं का? अनेकांनी तसा निष्कर्ष काढला. माझा निष्कर्ष तो नाही, आणि का नाही ते सांगतो.

पहिली गोष्ट, रेषेवरचं मूल म्हणजे सगळी मुलं नव्हेत. रेषेच्या खूप वर असलेल्या मुलाबद्दल ही पद्धत फारसं बोलत नाही. दुसरी गोष्ट, जे मूल आधीच पैकीच्या पैकी गुण मिळवतं, त्याची वाढ त्याच परीक्षेत दिसणार कशी? आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: या कार्यक्रमांत मुलांना मिळतं काय? अमेरिकेतल्या पुष्कळ शाळांत प्रज्ञावान कार्यक्रम म्हणजे आठवड्यातले काही तास वेगळ्या खोलीत बसणं, कोडी सोडवणं, एखादा प्रकल्प करणं. मग तेच मूल परत आपल्या वर्गात येतं आणि त्याला वर्षापूर्वीच समजलेला गणिताचा धडा पुन्हा ऐकतं. ज्या विषयाची परीक्षा घेतो, तो विषय त्याला वेगळा शिकवलेलाच नसेल, तर गुण वाढतील कशाने? नाव वाढलं, पाटी बदलली, सोबती बदलले. शिकवणं मात्र तेच राहिलं. मग निकालही तोच राहिला.

आता जिथे शिकवणं बदललं, तिकडे वळू.

१९७१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी एक साधी कल्पना वापरली. बारा-तेरा वर्षांच्या हुशार मुलांना त्यांनी त्यांच्या वयाची परीक्षा दिलीच नाही. महाविद्यालयीन प्रवेशासाठी सतरा-अठरा वर्षांची मुलं जी सॅट परीक्षा देतात, तिचा गणिताचा भाग दिला. शाळेच्या परीक्षेत ही सगळी मुलं सारखीच होती, सगळ्यांना शंभराच्या आसपास गुण. या कठीण परीक्षेत मात्र त्यांच्यात मोठं अंतर दिसलं. मग ज्याला जेवढं येतं, त्याच्या पुढचं त्याला शिकवायचं. कोणाला बीजगणित लवकर, कोणाला वर्ष गाळून वरच्या इयत्तेत, कोणाला एकाच विषयापुरतं वरच्या वर्गात. या मुलांचा माग अनेक दशकं ठेवला गेला. गणितात सारखीच तेज असणारी, पण एक वर्ष पुढे गेलेली आणि न गेलेली मुलं २०१३ मधल्या एका अभ्यासात शेजारी ठेवून पाहिली. पुढे गेलेल्यांनी विज्ञान-तंत्रज्ञानात डॉक्टरेट जास्त मिळवल्या आणि संशोधनही लवकर प्रसिद्ध केलं.

२०१६ मध्ये जवळपास १०० वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला गेला. गुणांप्रमाणे अ तुकडी, ब तुकडी, क तुकडी पाडली आणि सगळ्यांना एकच धडा शिकवला, तर फायदा दिसत नाही. एकाच वर्गात पातळीप्रमाणे गट पाडून शिकवलं, तर दिसतो. एखाद्या विषयापुरती वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एकत्र आणली, तर दिसतो. प्रज्ञावान मुलांसाठी खास गट असेल, तर दिसतो. आणि मुलाला पुढचं शिकू दिलं, इयत्तेच्या पुढे जाऊ दिलं, तर फायदा चांगलाच दिसतो.

तुकड्या पाडल्याने काही होत नाही. शिकवणं बदलल्याने होतं. तुकड्यांचं राजकारण आपल्या शाळांनाही परिचयाचं आहे, म्हणून हे वाक्य मी दोनदा म्हणतो: तुकड्या पाडल्याने काही होत नाही, शिकवणं बदलल्याने होतं.

तिसरा मुद्दा: फायदा कोणाला होतो? आजच्या व्याख्यानातला सर्वांत मोलाचा भाग मला हा वाटतो.

फ्लोरिडा राज्यात ब्रॉवर्ड नावाचा जिल्हा आहे. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या शालेय जिल्ह्यांपैकी एक. तिथे निम्म्याहून अधिक मुलं कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक. पण तिसरीतल्या प्रज्ञावान ठरलेल्या मुलांत त्यांचा वाटा होता २८ टक्के. का? कारण शोधाची सुरुवात शिक्षक किंवा पालक करत. शिक्षक म्हणणार, याची चाचणी घ्या. पालक म्हणणार, आमच्या मुलाची चाचणी घ्या. ज्यांच्याकडे पैसे होते, ते पालक खासगी मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करून आणत. ज्या आईला अशी चाचणी असते हेच ठाऊक नव्हतं, तिच्या मुलाचं नाव कोण पुढे करणार?

२००५ मध्ये जिल्ह्याने एक बदल केला. दुसरीतल्या प्रत्येक मुलाची छोटी चाचणी. सगळ्यांची. शाळेच्या वेळेत, आपल्याच वर्गात. चाचणी आकृत्यांची, भाषेची नव्हे. म्हणजे घरी इंग्रजी नसेल, तरी मूल अडत नाही. त्यात वर आलेल्या मुलांना मग मानसशास्त्रज्ञाकडच्या पूर्ण चाचणीसाठी पाठवायचं. पात्रतेचा निकष? तोच ठेवला. कोणालाही नवी सवलत दिली नाही. फक्त शोधण्याची रीत बदलली.

डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी हा बदल अभ्यासला. गरीब घरांतल्या मुलांपैकी प्रज्ञावान ठरणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ तिप्पट झालं. निकष तोच, जिल्हा तोच, मुलं तीच! ही मुलं आदल्या वर्षीही त्याच बाकांवर बसत होती. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, एवढंच. आणि जे घडलं ते शिक्षकांच्या वाईट हेतूने घडलं नव्हतं. हुशारी म्हणजे स्वच्छ अक्षर, पटकन वर होणारा हात, नीटनेटकं बोलणं अशी आपल्या सगळ्यांच्याच मनात एक मूर्ती असते. त्या मूर्तीत न बसणारं मूल आपल्याला दिसत नाही.

ब्रॉवर्डमधली दुसरी गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे नियम होता: शाळेत एक जरी प्रज्ञावान मूल असलं, तरी चौथी-पाचवीसाठी स्वतंत्र वर्ग काढायचा. मग उरलेल्या जागा? त्या भरायच्या मागच्या वर्षीच्या परीक्षेत जास्त गुण मिळवलेल्या मुलांनी. म्हणजे बुद्ध्यंक चाचणीत पात्र न ठरलेली, पण अभ्यासात चांगली मुलं. गरीब वस्तीतल्या शाळांत या वर्गात बहुतेक मुलं अशीच असत.

आता निकाल ऐका. बुद्ध्यंकाच्या १३० च्या रेषेवरून आत आलेल्या मुलांना या वर्गाचा फारसा फायदा झाला नाही. पण गुणांवर आत आलेल्या मुलांना झाला, आणि त्यातही कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांना मोठा झाला. वाचनात आणि गणितात, दोन्हीत. तो सहावीपर्यंत टिकलेलाही दिसला. आणि या मुलांना उचलून नेल्याने मागच्या वर्गातल्या मुलांचं नुकसान झालं का? झालं नाही.

हा फायदा का झाला असेल? संशोधकांनी तपासलं. शिक्षक निवडक होते म्हणून? तसं दिसलं नाही. सोबतची मुलं हुशार होती म्हणून? तेवढ्याने हिशेब लागत नाही. त्यांचा कल असा, की शिक्षकांच्या अपेक्षा बदलल्या आणि अभ्यास करणाऱ्या मुलाला चिडवणारं वातावरण मागे राहिलं. मला हे पटतं. सधन घरातल्या मुलाकडून त्याचं घर अपेक्षा ठेवतंच. त्याला वर्ग बदलल्याने फारसं नवं काही मिळत नाही. पण ज्या मुलाला ‘तुला याहून अवघड जमेल’ असं आजवर कोणी म्हटलंच नाही, त्याला ते पहिल्यांदा वर्गात ऐकायला मिळतं.

आणि मग काय झालं? मंदी आली, अर्थसंकल्पाला कात्री लागली, सगळ्यांची चाचणी बंद झाली. गरीब मुलांचं प्रमाण पुन्हा खाली आलं. एवढं स्पष्ट उत्तर हातात असताना ते सोडून दिलं गेलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. मागे राहिलेल्या मुलांचं काय? हुशारांची काळजी घेणं म्हणजे इतरांकडे पाठ फिरवणं नाही का? पश्चिम केनियात १२१ प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत पहिलीची मुलं त्यांना जेवढं येतं त्यानुसार दोन वर्गांत विभागली, निम्म्यांत चिठ्ठ्या टाकून. दीड वर्षाने पाहिलं, तर पातळीनुसार विभागलेल्या शाळांत दोन्ही वर्गांची मुलं पुढे होती. वरचीही आणि खालचीही. कारण शिक्षकाला समोरच्या मुलांना झेपेल ते शिकवता आलं. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्रथम संस्थेने वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी हेच सूत्र वापरलं: इयत्ता बाजूला ठेवा, मुलाला काय येतं ते बघा आणि तिथून शिकवा. अक्षर न ओळखणारं चौथीतलं मूल आणि सहावीचं गणित येणारं चौथीतलं मूल, दोघांची अडचण एकच आहे. समोर चाललेला धडा त्यांचा नाही. म्हणून दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करू नका.

चौथा मुद्दा आपला, महाराष्ट्राचा.

आपल्याकडे शोधाची परंपरा मोठी आहे. शिष्यवृत्ती परीक्षा तर घरोघर पोचलेली आहे; भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. राष्ट्रीय प्रज्ञाशोध योजना १९६३ मध्ये सुरू झाली. २०२१ पासून ती स्थगित आहे. आठवीतल्या गरजू मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती २००८ पासून आहे. १९८५-८६ मध्ये देशात जी पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली, त्यांतलं एक आपल्या अमरावतीचं. नवोदयमध्ये किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि मूल सहावीपासून तिथेच राहून शिकतं. विज्ञानाच्या शिक्षकांनी चालवलेली होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा तर लेखी परीक्षेवर न थांबता प्रात्यक्षिक आणि प्रकल्पापर्यंत जाते.

आणि १९६२ मध्ये पुण्यात डॉ. वि. वि. पेंडसे, म्हणजे आप्पांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिथे बुद्धिमत्तेच्या चाचण्यांवर मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धीविषयीच्या सिद्धांताच्या आधाराने गंभीर काम झालं. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: निवडल्यावर पुढे काय, हा प्रश्न तिथे पहिल्यापासून विचारला गेला. प्रकल्प, अभ्यासदौरे, स्वतः शिकण्याची सवय, आणि ही बुद्धी समाजाच्या कामाला लागली पाहिजे ही धारणा.

आता शिष्यवृत्ती परीक्षेकडे जरा निरखून बघा. शाळा जादा तास कधी घेते? परीक्षेच्या आधी. हुशार मुलांना अवघड गणितं कधी मिळतात? परीक्षेच्या आधी. शिक्षक सकाळी लवकर येतात, सुटीतही शिकवतात. त्या शिक्षकांच्या कष्टांना मी मनापासून नमस्कार करतो. पण निकाल लागला, की जादा तास संपतात. शिष्यवृत्ती मिळालेलं मूल दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच पुस्तकाच्या त्याच पानावर येऊन बसतं. खात्यात रक्कम जमा होते. वर्गात काहीच बदलत नाही. म्हणजे खास शिकवणं आपण निवड होण्यासाठी करतो आणि निवड झाली की थांबवतो. हे उलटं व्हायला हवं. निवड ही शिकवण्याची सुरुवात असायला हवी. आपण तिला शेवट करून ठेवलं आहे.

आणि परीक्षेला बसवतो कोणाला? अनेक शाळांत निकालाची टक्केवारी खाली जाऊ नये म्हणून निवडक मुलांचेच अर्ज भरले जातात. म्हणजे शोधाच्या आधीच एक निवड होऊन जाते, शिक्षकाच्या नजरेने. ब्रॉवर्डमध्ये जे होत होतं, तेच. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल, नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी बोलणारं मूल, गडचिरोलीत गोंडी बोलणारं मूल, साखर कारखान्याच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर जाणारं मूल. यांच्या हातात मराठीतली लांबलचक प्रश्नपत्रिका देऊन त्यांची बुद्धी आपण कशी ओळखणार?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. तिन्ही आपल्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली: सगळ्यांचा शोध घ्या. दुसरी-तिसरीतल्या प्रत्येक मुलाची, फी न घेता, अर्ज न भरता, शाळेच्या वेळेत, आकृत्यांवर आधारलेली छोटी चाचणी घ्या. तिच्यासाठी शिकवण्या निघतील अशी ती मोठी करू नका. आणि तिच्यावरून कोणालाही नापास करू नका. तिचं काम फक्त एवढंच, की जे मूल आपल्याला दिसलं नव्हतं ते दिसावं.

दुसरी: निवडीनंतर शिकवणं बदला. यासाठी नवी इमारत लागत नाही. आपल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळा बघा. तिथे दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात; बहुवर्ग अध्यापन ही शिक्षकाची रोजची कसरत असते. मग तिसरीतल्या ज्या मुलीला चौथीचं गणित येतं, तिला गणिताच्या तासाला चौथीच्या रांगेत बसू द्या. त्यासाठी लागते ती परवानगी, आणि शिक्षकाच्या पाठीशी उभा राहणारा अधिकारी. केंद्रात दहा-बारा शाळा असतील, तर केंद्रशाळेत महिन्यातून काही दिवस त्या सगळ्या शाळांतली अशी मुलं एकत्र आणा आणि त्यांना पुस्तकाच्या पुढचं गणित, पुढचं विज्ञान, पुढचं वाचन द्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष गुणवत्तेच्या मुलांना पाठ्यक्रमाच्या पलीकडे न्यावं असं म्हटलं आहे. धोरणातली ती ओळ शाळेच्या वेळापत्रकात उतरायला हवी.

तिसरी: मोजा आणि मोजलेलं उघड करा. रेषेच्या वर कोण होतं आणि खाली कोण होतं, हे परीक्षा घेणाऱ्यांकडे नोंदलेलं असतं. त्या मुलांची नावं न सांगता पाच वर्षांनी, दहा वर्षांनी ती कुठे आहेत ते तपासा. फायदा दिसला तर कार्यक्रम वाढवा. दिसला नाही तर तो बंद करण्याआधी विचारा: आपण निवडलं होतं, पण शिकवलं होतं का?

मित्रहो, आता थोडक्यात सारांश सांगतो. एक, खास वर्गातल्या मुलांचे गुण जास्त असणं हा खास वर्गाचा पुरावा नव्हे. दोन, नुसती नामांकित शाळा, नुसते हुशार सोबती, नुसती पाटी यांनी रेषेवरच्या मुलाचे गुण फारसे वाढत नाहीत. पुढचं आणि अवघड शिकवल्याने वाढतात. तीन, सर्वांत मोठा फायदा त्या मुलांना होतो, ज्यांच्याकडून आजवर कोणी काही अपेक्षाच ठेवली नव्हती. चार, ही मुलं सापडायची असतील, तर शोध सगळ्यांचा घ्यावा लागतो.

इथे शिक्षक आहेत, मुख्याध्यापक आहेत, शाळा व्यवस्थापन समित्यांवरचे पालक आहेत. तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. पुढच्या खेपेला तुमच्या शाळेत गुणवत्ता यादी लागेल. यादीतल्या मुलांचं कौतुक भरभरून करा. त्यांनी कष्ट केलेले असतात. पण त्याच सभेत उठून दोन प्रश्न विचारा. या मुलांसाठी येत्या सोमवारपासून वर्गात नेमकं काय बदलणार आहे? आणि ज्या मुलांना परीक्षेला बसवलंच नाही, त्यांच्याकडे आपण कधी बघणार आहोत? पहिल्या वर्षी कदाचित उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारा. शाळा बदलतात त्या अशा प्रश्नांनी, आणि ते न थकता विचारणाऱ्या माणसांमुळे.